पंधरा ऑगस्ट : योगायोग किती आणि निवड किती?

वर्तमानपत्रातील ‘दिनविशेष’ हे सदर बहुतेक वाचक चहाच्या घोटाबरोबर वाचतात आणि पान उलटतात. आजच्या तारखेला कोण जन्मले, कोण निवर्तले, कोणता तह झाला, कोणते यंत्र पहिल्यांदा चालले, याची ती छोटीशी यादी. एखादा दिवस असा येतो की यादी संपतच नाही. पंधरा ऑगस्ट हा तसा दिवस आहे. भारताचे स्वातंत्र्य, जपानची शरणागती, कोरियाची मुक्ती, गोव्याच्या सीमेवरील गोळीबार, शेख मुजीबुर रहमान यांची हत्या, पनामा कालव्याचे उद्‌घाटन, नेपोलियन आणि योगी अरविंद यांचे जन्म हे सारे एकाच तारखेच्या खात्यावर जमा आहे. अशी यादी वाचली की मनात प्रश्न येतो : या तारखेतच काही आहे का?

उत्तर शोधायचे तर आधी एक साधा हिशेब मांडावा लागेल. वर्षाचे दिवस फार तर ३६६ आणि लिखित इतिहास काही हजार वर्षांचा. म्हणजे कोणतीही तारीख घेतली तरी तिच्या वाट्याला डझनावारी मोठ्या घटना येणारच. मात्र हा हिशेब सगळ्याच घटनांना लागू पडत नाही. काही घटना त्या तारखेला आपसूक घडल्या. काही त्या तारखेला मुद्दाम घडवल्या गेल्या. एकीमुळे दुसरी आणि दुसरीमुळे तिसरी त्याच तारखेला आली, असेही झाले आहे. पंधरा ऑगस्टच्या यादीत हे तिन्ही प्रकार आहेत. ते वेगळे करून पाहिले, तर पाठ्यपुस्तकातील ही तारीख आपल्यापर्यंत कशी पोहोचली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे अधिक स्पष्ट होते.

व्रतापासून कालव्यापर्यंत

ख्रिस्ती परंपरेत पंधरा ऑगस्ट हा माता मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण. म्हणूनच १५३४ साली पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवर इग्नेशियस लोयोला आणि त्यांच्या सहा सोबत्यांनी आयुष्य धर्मकार्याला वाहण्याचे व्रत घेतले ते याच दिवशी. पुढे त्यातून जेझुइट पंथ उभा राहिला. त्या सोबत्यांपैकी एक होते फ्रान्सिस झेवियर. १५४२ मध्ये ते गोव्यात आले आणि १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहूनच पूर्वेकडे निघून जपानमधील कागोशिमा बंदरात उतरले. तो दिवसही पंधरा ऑगस्टच होता. पहिली तारीख सणाची म्हणून निवडलेली होती. दुसरी वारा, समुद्र आणि जहाज यांनी जुळवून आणलेली.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. झेवियर यांच्या काळी युरोपात ज्युलियन पंचांग चालत असे. आजचे ग्रेगोरियन पंचांग १५८२ साली आले. त्या हिशेबाने झेवियर जपानला पोहोचले तो दिवस आजच्या गणनेत २५ ऑगस्ट ठरतो. म्हणजे ज्या ‘समान तारखे’चे आपल्याला नवल वाटते, ती अनेकदा कागदावरच समान असते. तिथीने आणि तारखेने येणाऱ्या जयंत्यांवरून महाराष्ट्रात वाद झडतात, त्यामुळे मराठी वाचकाला ही अडचण नवी वाटू नये.

नेपोलियन बोनापार्टचा जन्म १५ ऑगस्ट १७६९ चा, कॉर्सिका बेटावरील आजाक्सियो गावचा. जन्माची तारीख हा निव्वळ योगायोग. मात्र सम्राट झाल्यावर त्याने १८०६ मध्ये हाच दिवस ‘संत नेपोलियन’च्या नावाने राष्ट्रीय सण म्हणून जाहीर केला. मेरीचा सण आणि सम्राटाचा वाढदिवस एकत्र आणून प्रजेच्या श्रद्धेवर सत्तेचा शिक्का उमटवण्याचा तो प्रयत्न होता. योगायोगाचे राजकारण कसे होते, याचा हा जुना नमुना.

पनामा कालव्यातून ‘अँकॉन’ हे जहाज १५ ऑगस्ट १९१४ रोजी अधिकृतपणे पार झाले आणि अटलांटिक व पॅसिफिक हे दोन महासागर जोडले गेले. एवढी मोठी घटना, पण त्याच महिन्यात युरोपात महायुद्धाचा भडका उडाला होता. त्यामुळे जगाचे लक्ष तिकडे फारसे गेले नाही. तारीख लक्षात राहण्यासाठी घटना मोठी असून भागत नाही. ती लक्षात ठेवणारे लोकही लागतात.

भारताच्या इतिहासातही असे निव्वळ योगायोग आहेत. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे सेनानी संगोळ्ळी रायण्णा यांचा जन्म पंधरा ऑगस्टचा मानला जातो आणि इंग्रजांनी त्यांना बेळगाव परिसरातील नंदगड येथे फाशी दिली ती २६ जानेवारी १८३१ रोजी. जन्म पुढच्या काळातील स्वातंत्र्यदिनी आणि हौतात्म्य प्रजासत्ताकदिनी! योगी अरविंद यांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ चा. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी त्यांनी पंचाहत्तरी पूर्ण केली. आकाशवाणीसाठी दिलेल्या संदेशात त्यांनी या जुळणीचा उल्लेख करून हा केवळ अपघात नसून आपल्या कार्याला मिळालेली ईश्वरी संमती आहे, असे आपण मानतो, हे नमूद केले. इतिहासाचा अभ्यासक एवढे पुढे जाणार नाही. पण माणसे तारखांत अर्थ का शोधतात, हे अशा वेळी कळते.

आगाखान पॅलेसमधील समाधी

पुण्याच्या वाचकांना पंधरा ऑगस्टची आणखी एक खूण जवळची आहे. ‘चले जाव’च्या ठरावानंतर ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली आणि त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. त्यांचे सचिव महादेव देसाई सोबत होते. गांधीजींच्या आत्मकथेचा इंग्रजी अनुवाद करणारे, पाव शतक सावलीसारखे त्यांच्याबरोबर राहिलेले महादेवभाई तेथेच, स्थानबद्धतेच्या पहिल्याच आठवड्यात, १५ ऑगस्ट १९४२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय अवघे पन्नास. अंत्यसंस्कार पॅलेसच्या आवारातच झाले. १९४४ मध्ये कस्तुरबाही तेथेच निवर्तल्या. आज दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत.

पाच वर्षांनी हीच तारीख राष्ट्राच्या आनंदाची ठरली, तेव्हा गांधीजी दिल्लीत नव्हते. दंगलींनी होरपळलेल्या कोलकात्यात, बेलियाघाटा भागातील एका मुस्लिम कुटुंबाच्या घरात त्यांचा मुक्काम होता. त्यांनी तो दिवस उपवास, सूतकताई, प्रार्थना आणि गीतापठण यांत घालवला. महादेवभाईंची ती पाचवी पुण्यतिथीही होती आणि गांधीजी ती त्याच पद्धतीने पाळत. राजधानीतील रोषणाईच्या वेळी राष्ट्रपिता उपाशी होता, हे अनेकदा सांगितले जाते. त्या उपवासामागे फाळणीच्या व्यथेबरोबरच एका सहकाऱ्याची आठवणही होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

टोकियोतील दुपार

येथवरच्या घटना एकमेकींपासून स्वतंत्र होत्या. १९४५ मध्ये मात्र एक साखळी सुरू झाली. ६ ऑगस्टला हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. दरम्यान सोव्हिएत संघानेही जपानविरुद्ध युद्ध पुकारले. १५ ऑगस्टला दुपारी बारा वाजता सम्राट हिरोहितो यांचे भाषण नभोवाणीवरून ऐकवण्यात आले. सामान्य जपानी माणसाने सम्राटाचा आवाज आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. भाषा दरबारी आणि जुन्या वळणाची. ‘शरणागती’ हा शब्द त्यात कोठेही नव्हता. अनेकांना अर्थ उमगला तो नंतर. भाषण आदल्या रात्रीच ध्वनिमुद्रित झाले होते. ते प्रसारित होऊ नये म्हणून काही लष्करी अधिकाऱ्यांनी त्या रात्री राजवाड्याचा ताबा घेऊन ध्वनिमुद्रिकांचा शोधही घेतला. पण त्या त्यांच्या हाती लागल्या नाहीत.

शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या त्या २ सप्टेंबरला, टोकियोच्या उपसागरात ‘मिसुरी’ या अमेरिकी युद्धनौकेवर. अमेरिका ती तारीख मानते, ब्रिटन पंधरा ऑगस्ट मानते. एकाच पराभवाच्या या दोन तारखा. ब्रिटनच्या तारखेला पुढे भारताच्या दृष्टीने महत्त्व आले.

कोरियाला मात्र एकच तारीख पुरेशी होती. १९१० पासून जपानच्या ताब्यात असलेला तो देश पंधरा ऑगस्ट १९४५ ला मुक्त झाला. तेथे या दिवसाला ‘प्रकाश परतून आल्याचा दिवस’ अशा अर्थाचे नाव आहे. पण प्रकाश परतण्यापूर्वीच देशाच्या नकाशावर रेघ पडली होती. १० ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये दोन तरुण अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांनी एका सर्वसाधारण नकाशावर ३८ अंश अक्षांशाची रेषा सुचवली : वर सोव्हिएत फौजा, खाली अमेरिकी. तीन वर्षांनी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, मुक्तीच्या वर्धापनदिनाचा मुहूर्त साधून दक्षिण कोरियाचे सरकार स्थापन झाले. उत्तरेचे सरकार पुढच्याच महिन्यात आले. आज दोन्ही कोरिया पंधरा ऑगस्ट साजरा करतात. परस्परांशी वैर असलेल्या दोन राज्यांचा हा समाईक राष्ट्रीय दिवस आहे.

दिल्लीतील तारीख

भारताच्या स्वातंत्र्याची तारीख मुळात ही नव्हती. ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली यांनी २० फेब्रुवारी १९४७ रोजी जाहीर केले होते की जून १९४८ पर्यंत सत्तांतर होईल. मार्चअखेरीस लॉर्ड माउंटबॅटन व्हाइसरॉय म्हणून आले. ३ जूनला फाळणीची योजना जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी पत्रपरिषदेत त्यांनी सत्तांतर पंधरा ऑगस्टच्या सुमारास होईल असे सांगून टाकले. लंडनसह अनेकांना हा धक्का होता. हीच तारीख का, याचे उत्तर माउंटबॅटन यांनी पुढे ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’च्या लेखकांना दिले : जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वर्धापनदिन होता. युद्धकाळात माउंटबॅटन आग्नेय आशियातील दोस्त फौजांचे सरसेनापती होते आणि सिंगापूरला जपानी सैन्याची शरणागती त्यांनीच स्वीकारली होती. एका सेनानीच्या आयुष्यातील विजयदिन अशा रीतीने चाळीस कोटी लोकांचा स्वातंत्र्यदिन झाला.

घाईचा सगळा दोष एका माणसाच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. कायदा व सुव्यवस्था ढासळत होती, ब्रिटनची तिजोरी रिती झाली होती आणि भारतीय नेत्यांनाही सत्ता लवकर हवी होती. घाईमागे कारणे होती. पण या विशिष्ट तारखेमागे प्रशासकीय कारण नव्हते. कामाला दिवस उरले ते बहात्तर. सरकारी कचेऱ्यांत किती दिवस उरले हे दाखवणारी कॅलेंडरे लावण्यात आली. सैन्य, रेल्वे, तिजोरी, कचेऱ्यांतील टेबले-खुर्च्या, ग्रंथालयातील पुस्तके अशा सगळ्याची वाटणी सुरू झाली.

सीमा आखण्याचे काम सर सिरिल रॅडक्लिफ या वकिलाकडे होते. ते भारतात पहिल्यांदाच आले ते ८ जुलैला. पंजाब आणि बंगाल या दोन प्रांतांवर रेघ मारण्यासाठी त्यांना पाच आठवडे मिळाले. निवाडे स्वातंत्र्यदिनापूर्वी तयार झाले, पण प्रसिद्ध केले गेले १७ ऑगस्टला. म्हणजे दोन दिवस लाखो लोक स्वतंत्र होते; पण कोणत्या देशात, हे त्यांना ठाऊक नव्हते. बंगालमधील मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा लागला, खुलन्यात भारताचा. निवाडा आल्यावर मुर्शिदाबाद भारतात आले आणि खुलना पाकिस्तानात गेले. पंजाबात गुरुदासपूर जिल्हा तात्पुरत्या विभागणीत पाकिस्तानकडे होता. निवाड्याने त्याच्या चारपैकी तीन तहसिली भारताकडे आल्या. झेंडे उतरवून दुसरे चढवता येतात. घर सोडून निघालेल्या किंवा त्याच भरवशावर घरी थांबलेल्या माणसांचे तसे नसते. पुढच्या काही महिन्यांत एक कोटीहून अधिक लोक विस्थापित झाले. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत आणि काहींच्या मते त्याहूनही पुढे जातात.

तारीख कायद्यात एकच होती. ब्रिटिश संसदेच्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने दोन्ही राष्ट्रांसाठी पंधरा ऑगस्टच नमूद केला होता आणि पाकिस्तानच्या पहिल्या स्मारक तिकिटांवरही तीच तारीख छापली गेली. पुढे १९४८ पासून पाकिस्तानने चौदा ऑगस्ट साजरा करण्यास सुरुवात केली. भारतात दिवस अशुभ असल्याचे ज्योतिषांचे म्हणणे होते, म्हणून संविधान सभा चौदाच्या रात्री अकरा वाजता बसली आणि मध्यरात्रीचा मुहूर्त साधला गेला, असे सांगितले जाते. लाल किल्ल्यावर पंडित नेहरूंनी तिरंगा फडकवला तोही सोळा ऑगस्टला. पंधराचा ध्वजारोहण सोहळा इंडिया गेटजवळ झाला होता. स्मरणात ठसलेली तारीख आणि घडलेला दिवस यांत असे अंतर पडते.

पत्रादेवीचा पंधरा ऑगस्ट

स्वातंत्र्यानंतर या तारखेने आणखी घटनांना जन्म दिला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला. पुढच्या वर्षी पुण्यात उभ्या राहिलेल्या गोवा विमोचन साहाय्यक समितीच्या पुढाकाराने सत्याग्रहाला देशव्यापी रूप आले. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या तुकडीने सीमा ओलांडली आणि पोर्तुगीज सैनिकांचा मार खाल्ला. १५ ऑगस्ट १९५५ ला तर देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही अनेक ठिकाणांहून एकाच वेळी गोव्यात शिरले.

पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक सत्याग्रही मृत्युमुखी पडले, कित्येक जखमी झाले. बांद्याजवळच्या पत्रादेवी येथे पंजाबचे तरुण कर्नैलसिंग बेनिपाल धारातीर्थी पडले, तर हाती झेंडा घेतलेल्या मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय गोळ्यांनी जखमी झाल्या. ही तारीख नियतीने ठरवली नव्हती. ‘देश स्वतंत्र झाला, मग आम्ही का नाही?’ हा प्रश्न जगासमोर मांडण्यासाठी पंधरा ऑगस्टइतका बोलका दिवस दुसरा नव्हता, म्हणून तो निवडला गेला. गोवा मुक्त झाला तो मात्र १९ डिसेंबर १९६१ रोजी, लष्करी कारवाईने. गोव्याचा मुक्तिदिन म्हणून ती तारीख राहिली. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक पंधरा ऑगस्टची आठवण देते.

शुभारंभाचा दिवस आणि दोन राजधान्या

एकदा तारीख राष्ट्राची झाली की सरकारी शुभारंभही तिच्याभोवती गोळा होतात. भारतीय अंतराळ संशोधन संस्था, अर्थात इस्रो, १५ ऑगस्ट १९६९ ला स्थापन झाली. १५ ऑगस्ट १९७२ ला टपाल खात्याने सहा अंकी पिनकोड सुरू केला. त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे व्यासंगी पंडित आणि टपाल खात्यातील ज्येष्ठ अधिकारी. मुंबईचा पत्ता लिहिताना आपण ‘४००’ हे अंक लिहितो, ती या मराठी माणसाची देणगी. आसाम करार १५ ऑगस्ट १९८५ चा आणि विदेश संचार निगमची जनतेसाठीची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ ची. चित्रपट व्यवसायानेही हा दिवस हेरला. ‘शोले’ प्रदर्शित झाला तो १५ ऑगस्ट १९७५ ला आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पुढे पाच वर्षे चालला.

त्याच दिवशी पहाटे ढाक्यात मात्र वेगळेच घडले. लष्करातील काही अधिकाऱ्यांनी बांगलादेशाचे संस्थापक शेख मुजीबुर रहमान यांची धानमंडी भागातील राहत्या घरी कुटुंबातील बहुतेक सदस्यांसह हत्या केली. हसीना आणि रेहाना या दोन मुली परदेशी असल्यामुळे वाचल्या. पुढे हसीना सत्तेवर आल्यावर पंधरा ऑगस्ट हा राष्ट्रीय शोकदिन झाला. विरोधकांच्या राज्यात तो रद्द झाला, पुन्हा सुरू झाला आणि २०२४ मध्ये हसीना यांची राजवट कोसळल्यानंतर हंगामी सरकारने ती सुट्टी पुन्हा रद्द केली. घटना बदललेली नाही, तारीखही नाही. ती पाळायची की नाही, हे मात्र सत्तेनुसार बदलत राहिले. काबूलमध्ये १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबानने प्रवेश केला आणि राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी देश सोडून गेले. तालिबान राजवट हा दिवस विजयदिन म्हणून पाळते. देशाबाहेर पळावे लागलेल्या अफगाणांच्या लेखी तो विजयाचा दिवस नाही.

यादी वाचताना

तर पंधरा ऑगस्टमध्ये स्वतःचे असे काही नाही. नेपोलियन आणि अरविंद त्या दिवशी जन्मले तो योगायोग. महादेवभाई त्या दिवशी गेले तोही योगायोगच. पण टोकियो, दिल्ली, सोल आणि पत्रादेवी या एकाच साखळीच्या कड्या आहेत. एका पराभवाची तारीख एका सेनानीला भावली म्हणून ती आपली झाली, आणि आपली झाली म्हणून गोव्याच्या सत्याग्रहींनी ती छातीशी धरली.

तारीख दुसऱ्याने निवडली म्हणून स्वातंत्र्य कमी प्रतीचे ठरत नाही. ते मिळवणाऱ्या पिढ्यांनी वर्षातील कोणत्याही दिवसाला तेवढेच मोठे केले असते. मात्र कागदावर तारीख लिहिणाऱ्याच्या हातात केवढी शक्ती असते, हे १४ ते १७ ऑगस्ट १९४७ या चार दिवसांनी दाखवून दिले आहे. म्हणून यापुढे दिनविशेषाची चौकट वाचताना प्रत्येक नोंदीपुढे एक प्रश्न जरूर विचारावा : हा दिवस आपोआप आला, की कोणी आणला? आणि आणला असेल, तर तयारीला वेळ कोणाला मिळाला आणि कोणाला मिळाला नाही?